बाबांना पिवळ्या पट्टीचं पुस्तक हवं होतं

'आमचा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला कुठलं मराठी पुस्तक देऊ?' असं कुणी विचारलं की आजही माझी पंचाईत होते. मी उलट विचारते, तो भांडतो कोणत्या भाषेत? समोरच्याला वाटतं, बाई विक्षिप्त आहेत. एके काळी माझ्याकडे या प्रश्नाचं तयार उत्तर होतं आणि तेही रंगीत. बाबांनी ते असं काही विस्कटलं की त्याची घडी पुन्हा बसलीच नाही.

आम्ही तेव्हा दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे, नोएडातल्या एका सोसायटीत नुकतेच राहायला गेलो होतो. देश खुला झालाय असं सगळे म्हणत होते. आमच्यापुरता तो खुला झाला म्हणजे केबलवरची चॅनेल्स वाढली, शेजाऱ्यांच्या दारात नवी गाडी आली आणि समोरच्या मोहरीच्या शेतात एका सकाळी खांब उभे राहिले. वीज मात्र पूर्वीसारखीच जायची. आसपासच्या सेक्टरांत बरीच मराठी कुटुंबं होती, बहुतेक आमच्यासारखीच केंद्र सरकारच्या नोकरीतली. त्यांनी मंडळ काढलं, मंडळाने गणपती बसवला, आणि गणपतीतून उरलेल्या उत्साहात एक वाचनालय निघालं. वाचनालय म्हणजे सोसायटीच्या हॉलमधली दोन लोखंडी कपाटं. रविवारी सकाळी उघडायची.

पहिल्याच वार्षिक सभेत मी उठून म्हटलं, की मुलांची पुस्तकं दिवाळी अंकांच्या ढिगाखाली दबलेली असतात आणि कुणालाच काही सापडत नाही. आमच्या मंडळात तक्रार करणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं. अध्यक्ष म्हणाले, "बिल्कुल बरोबर आहे वहिनी, मग मुलांचं कपाट तुम्हीच बघा." मी बसायच्या आत ठराव मंजूरसुद्धा झाला.

मला व्यवस्थेचा सोस आहे. ऑफिसात माझ्या फायली बघून लोक हसायचे, पण फाईल हवी असली की माझ्याकडेच यायचे. मी इलेक्ट्रिकच्या दुकानातून चार रंगांची टेप आणली, तारांना गुंडाळतात ती. पुस्तकांच्या कण्यावर पट्ट्या चिकटवल्या. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पिवळी, सात ते नऊ हिरवी, दहा ते बारा लाल, त्यापुढे निळी. मूल आलं की वय विचारायचं आणि त्या रंगाचं पुस्तक हातात द्यायचं. इतकं सोपं काम लोकांनी आजवर अवघड का करून ठेवलं होतं, हेच मला कळेना.

दोन महिन्यांत कळायला लागलं. सरकारी नोकरांच्या वस्तीत रंग म्हणजे पे-स्केल. "आमच्या हिला हिरवं कधीपासून मिळेल?" असं आया प्रमोशनची चौकशी करावी तसं विचारायला लागल्या. एकीला हिरवं मिळालं की दुसरीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. साताऱ्याहून बदली होऊन आलेल्या घरातली सात वर्षांची मुलगी लाल पट्टीचं पुस्तक हॉलमध्येच जमिनीवर बसून संपवायची आणि दुसरं मागायची. तिकडे दिल्लीतच जन्मलेला तेरा वर्षांचा मुलगा निळं पुस्तक नेऊन तसंच्या तसं परत आणायचा. त्याला मी हळूच हिरवं काढून दिलं, तर त्याची आई फणकाऱ्याने म्हणाली, "यह क्या? माझा मुलगा क्लासमध्ये फर्स्ट येतो." म्हणजे वय खरं धरायचं, की मूल, की आई? मी गोंधळले, पण पट्ट्या काही काढल्या नाहीत. चिकटवायला फार वेळ लागला होता.

शिवाय माझी स्वतःची मुलगी माझ्या बाजूने होती. ती अकराची आणि लाल पट्टीची पुस्तकं खणखणीत वाचायची. मंडळाच्या कार्यक्रमात तिने उतारा वाचला की लोक म्हणायचे, दिल्लीत वाढलेली वाटत नाही. तिचा 'ळ' मी टेबलावर पट्टी आपटून घडवला होता. तो ऐकताना माझी मान ताठ व्हायची.

त्या दिवाळीत बाबा आले. माझे वडील. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते नाशिकला माझ्या भावाकडे असायचे. त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर गेली, वाहतूक नियंत्रकाच्या खोलीत. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, हे कर्ण्यावरून सांगणारा तो आवाज माझ्या बाबांचा, हा माझ्या लहानपणीचा सगळ्यात मोठा तोरा. पुढे काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. म्हणजे उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, अक्षर मात्र नाही. पेपर चाळल्याशिवाय चहा न पिणारा माणूस नुसता चहा प्यायला लागला.

मला ते कायमचे आमच्याकडे हवे होते. यात भावाशी चढाओढ नव्हती. मी कॉलेज संपताच नोकरीसाठी दिल्लीला आले ती इथलीच झाले, आणि आई आजारी होती तेव्हा मी रजेच्या हिशेबात तिच्याकडे जात-येत राहिले. आता बाबा तरी मला पुरेसे मिळावेत, एवढीच माझी इच्छा होती आणि ती मी त्यांना सरळ सांगितली होती. ते म्हणाले, "बघू. उन्हाळ्याच्या आत जाईन म्हणतो, मला दिल्लीचा उन्हाळा सोसायचा नाही." आमच्या घरी त्यांनी सगळ्यालाच 'बघू' म्हणायचं धरलं होतं. पोह्यांत शेंगदाणे घालू? बघू. नवीन स्वेटर आणू? बघू. राहणाऱ्या माणसाचा हा शब्द नाही, हे मला समजत होतं.

त्यांना रमवायचं कसं? उत्तर माझ्या कपाटात होतं. मुलीला सांगितलं, रोज संध्याकाळी आजोबांना वाचून दाखवायचं. लाल पट्टीतलं चांगलं जाडसर पुस्तक मी निवडून दिलं. नदीवर होडी चालवणारा एक म्हातारा, गावातली एक लहान मुलगी, मग नदीवर पूल होतो आणि होडीत कुणी बसेनासं होतं, अशी त्यात गोष्ट होती. थंडी सुरू झाली होती. दोघं दिवाणावर पानिपतची एक रजई पायांवर घेऊन बसायची. नात वाचायची, आजोबा डोळे मिटून ऐकायचे, आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता दोघांना ऐकायचे. वाचन धडाधड चालायचं, कुठे अडखळणं नाही. मला वाटायचं, जमलं. आता हे कुठे जात नाहीत.

आठवड्याभरात एका सकाळी बाबा म्हणाले, "अगं, तुझ्या त्या कपाटात लहान पोरांची पुस्तकं आहेत ना? चित्रांची?"

"आहेत. पिवळी पट्टी. का?"

"त्यातली आण मला दोन-चार."

"तुम्हाला?"

"मलाच. चित्रं चांगली मोठी बघून आण."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ज्या माणसाला समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, त्याला चित्रांची पुस्तकं हवीत! मला वाटलं, थट्टा करतायत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. रविवारी मी पिवळ्या पट्टीची पुस्तकं पिशवीत घातली आणि नोंदीत स्वतःच्या मुलीचं नाव लिहायची लाज वाटली म्हणून बाबांचं लिहिलं. मंडळाच्या सेक्रेटरीने ते वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ते पुन्हा वाचणं मला जास्त लागलं.

मुलगी पुस्तकं बघून आधी खूप हसली. "आजोबा, ये तो बच्चों वाली हैं!"

"असू दे. मला तीच आवडतात," बाबा म्हणाले.

मग संध्याकाळी जे काही ऐकू यायला लागलं, त्याने माझं कणकेतलं लक्ष उडालं. कुंपणावरच्या एका सरड्याची गोष्ट होती, पानावर दोन ओळी आणि बाकी सगळं चित्र. बाबा प्रत्येक पानावर थांबवायचे. "चित्रात काय आहे?" "सरड्याचं तोंड कसं आहे, हसरं की रडकं?" इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे ते विचारायचे, "रांजण म्हणजे काय गं?"

"आजोबा, मटका! बड़ावाला. इथे बघा ना, म्हणजे, अंगणात ठेवलाय, त्याच्या मागे सरडा लपलाय."

"अच्छा. आणि ओसरी?"

"ते... थांबा. घराच्या बाहेर, छत आहे, पण भिंत नाही. बाल्कनीसारखं. पण खाली."

"असं होय. मला आठवेना."

आठवेना! ज्या माणसाचा जन्म ओसरीला लागून असलेल्या खोलीत झाला, ज्याने रांजणातलं पाणी काढून माझं तोंड धुतलं, तो अकरा वर्षांच्या पोरीला विचारत होता, रांजण म्हणजे काय. दुसऱ्या दिवशी शिंकं विसरले, तिसऱ्या दिवशी उंबरा. पोरगी रंगात येऊन समजावून सांगायची, "आजोबा, तुम्हाला इतकं पण नाही माहीत?" आणि बाबा कबूल करायचे, "नाही गं बाई." मी लाटणं हातात धरून भिंतीआड उभी असायचे. रडू यायचं आणि रागही यायचा. कुणावर, ते कळत नव्हतं.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, म्हातारपणात होतं थोडं." भावाला फोन करायला एसटीडी बूथपर्यंत गेले आणि नंबर फिरवायच्या आधीच परत आले. तो काय म्हणाला असता? पाठवून दे इकडे, असंच ना?

याच दरम्यान आम्ही तिघं बसने दिल्लीत चाललो होतो, बाबांचे डोळे तपासायला. निजामुद्दीन पुलावर बस नेहमीसारखी अडकली. खाली यमुनेच्या काळ्या पाण्यात एक माणूस होडी घेऊन चालला होता. मुलगी एकदम ओरडली, "आजोबा, होडी! आणि त्याच्या हातात ते आहे, वल्हं!" बसमधली माणसं वळून बघायला लागली. बाबांनी मान त्या दिशेला वळवली आणि म्हणाले, "एक की दोन?" ती म्हणाली, "एक." ते म्हणाले, "मग होडी गोल फिरत नाही का?" दोघं पुढे बराच वेळ त्यावर बोलत होती. मला वाटलं, वल्हं हिला कुठून कळलं? लाल पुस्तकात आहे, पण ते तर तिने केव्हाच वाचलं होतं, तेव्हा कधी बोलली नाही. या विचाराचा मला काही अर्थ लागला नाही आणि मी तो सोडून दिला.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडून निघाल्यावर मी बाबांना न सांगता दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. मेंदूच्या. त्यांनी बाबांना आजचा वार विचारला, गावाचं नाव विचारलं, मग विचारलं, "देशाचे पंतप्रधान कोण?" त्या काळात पंतप्रधान इतके भराभर बदलत होते की हे उत्तर डॉक्टरांनाही एकदा मनात घोकावं लागलं असेल. बाबांनी बरोबर सांगितलं, वर आधीचे दोन कोण होते तेही सांगितलं. डॉक्टर मला म्हणाले, "ही इज फाइन. आप टेन्शन मत लीजिए."

बाहेर आल्यावर बाबा फुटपाथवरच उभे राहिले. मुलगी थोडी पुढे शेंगदाण्याच्या गाडीपाशी गेली होती. "मला वेड लागलंय असं वाटतं तुला?" त्यांनी विचारलं. आवाज कर्ण्यावरचा होता.

"मग काय वाटू? रांजण आठवत नाही, ओसरी आठवत नाही, चित्रांची पुस्तकं मागता!"

"अगं, मला आठवतं सगळं. तिला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"काहीच. वल्हंसुद्धा मी विचारलं तेव्हा तिने शोधलं. ती वाचते, पण तिला कळत नाही." मग ते थोडे शांत झाले. "आमच्या स्टँडवर एक नवा माणूस आला होता गाड्या सांगायला. आवाज छान, उच्चार स्वच्छ. समोरचा कागद भडाभडा वाचायचा. पण कुठली गाडी लागली आणि कुठली सुटली, ते त्याचं त्याला ठाऊक नसायचं. लोक त्याचं ऐकायचे आणि पुन्हा खिडकीशी येऊन मला विचारायचे. तुझी लेक तशी वाचते. त्या होडीवाल्याने पूल झाल्यावर होडी शेवटची बांधली, वल्हं त्या मुलीच्या दारात ठेवलं, ते हिने कसं वाचलं ऐकलंस? बाजारभाव वाचल्यासारखं. आणि लगेच म्हणाली, बस ना आजोबा, मेरा सीरियल."

मी भांडले. फुटपाथवर, म्हाताऱ्या बापाशी, शेंगदाणेवाल्यासमोर. तिचे उच्चार बघा म्हटलं, तिला मिळालेली बक्षिसं बघा म्हटलं. बाबा म्हणाले, "बघू." मला तो शब्द त्या क्षणी सहनच होईना.

संध्याकाळी मी मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं. लाल पट्टीचं ते होडीचं पुस्तक तिच्या हातात दिलं. "यात काय झालं, सांग मला."

तिने पुस्तक उलटंसुलटं केलं. "एक नाव होती... म्हणजे होडी. आणि कोणीतरी कुठेतरी गेलं."

"कोण गेलं?"

"पता नहीं." मग माझा चेहरा बघून तिचे डोळे भरले. "आई, तू वाचायला सांगितलं होतं. मी वाचलं ना? समजायचं पण होतं?"

मी पुस्तक तिच्या हातातून काढून घेतलं. हिंदीची लिपी आणि मराठीची लिपी एकच. शाळेत हिंदी शिकलेलं मूल मराठीचं पान वाऱ्यासारखं वाचतं, आणि ऐकणाऱ्या आईला वाटतं, मराठी आली. घरातली मराठी तिला येत होती, जेव, उठ, दप्तर भर, आजोबांना पाणी दे. पण आमच्या घरात होडी नव्हती, ओसरी नव्हती, कुणी कुणाच्या दारात वल्हं ठेवून निघून जात नव्हतं. मग ती कितीची होती? शाळेच्या दाखल्यावर अकराची. हिंदीत अकराची. इंग्रजीत कदाचित तेराची. मराठीत पाचची, फार तर सहाची, आणि वाचताना मोठी बाई. अशा मुलीला कुठल्या रंगाची पट्टी लावायची? बाबांनी ते माझ्या आधी ओळखलं होतं, आणि तिला लाज वाटू नये म्हणून पिवळी पट्टी स्वतःला लावून घेतली होती. माझ्या वाचनालयाच्या नोंदीत, माझ्याच अक्षरात.

त्यानंतर मी त्यांच्या वाचनात काही बोलले नाही. पिवळी पुस्तकं संपली तशी बाबांनी हिरवी मागितली. मी विचारलं, "झेपतील का तुम्हाला?" ते गालात हसले. जानेवारीचं धुकं सरलं. पोरगी आता आपणहून सांगायची की इथे चित्र नाहीये, पण असेल तर असं असेल. रविवारी कपाट उघडून मी नुसती बसायचे. कुणी वय सांगितलं की पूर्वी हात आपोआप एका रंगाकडे जायचा, तो आता मध्येच थांबायचा. मी मुलांना म्हणायचे, एक पान वाच, आणि मग पुस्तक मिटून मला सांग. आयांना ते आवडलं नाही. एक म्हणाली, "इथेपण एंट्रन्स टेस्ट सुरू केली का?" तिचंही खरं होतं. परीक्षा न घेता कसं ओळखायचं, ते मला येत नव्हतं. बाबांना येत होतं, पण त्यासाठी रोज संध्याकाळी एका रजईत बसावं लागतं.

होळी झाली. गच्चीवरून कूलर खाली आले. दुपारी गॅलरीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसायचा. उन्हाळ्याची तिकिटं दोन महिने आधी काढावी लागतात, म्हणून मी बाबांना विचारलं, "तुमचं नाशिकचं रिझर्वेशन कधीचं करू?" ते म्हणाले, "बघू." मी रागाने ठरवलं, परवा काउंटरला जायचं आणि काढून टाकायचं. माणसाला राहायचं नसेल, तर मी किती दिवस तोंडाकडे बघत बसू?

त्याच संध्याकाळी मुलीने घरातल्या कपाटातून लाल पट्टीचं होडीचं पुस्तक स्वतः काढलं. मला विचारलं नाही, आजोबांना विचारलं नाही. दिवाणावर बसून तिने वाचायला घेतलं. रोज थोडं थोडं असं आठवडाभर चाललं, आणि मीही काउंटरला गेले नाही. वाचन पूर्वीपेक्षा हळू होतं. एखाद्या शब्दाशी थांबायची, मागे जायची. मंडळाच्या कार्यक्रमात असं वाचलं असतं तर मी तिला घरी येऊन रागावले असते.

शेवटच्या पानांवर ती आली तेव्हा मी कुकरची शिट्टी वाजू नये म्हणून गॅस बंद केला होता. म्हाताऱ्याने होडी बांधली. दोरीला गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. मग वल्हं खांद्यावर घेऊन तो त्या मुलीच्या घराकडे निघाला. "दार बंद होतं," तिने वाचलं. "त्याने वल्हं... उंबऱ्याला..." आणि आवाज थांबला.

मी वाट बघितली. पुढचा शब्द अवघड नव्हता, 'टेकवलं' असा होता.

"आजोबा," ती म्हणाली, "मला नाही वाचता येत."

माझ्या उच्चारांच्या राणीचं ते वाक्य ऐकून मी दाराशी आले. तिने पुस्तक छातीशी धरलं होतं आणि नाक ओढत होती. बाबांनी चाचपत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"थांब थोडा वेळ," ते म्हणाले. "गाडी उशिरा सुटली तरी चालतं."

मग त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली. मी दारात उभी आहे, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

"अगं, ते तिकीट काढलंस का?"

"नाही अजून. उद्या जाणार आहे."

"नको काढू. मला अजून निळी पट्टी वाचायचीय."